बायोच्या गळ्यातली किल्ली

"आज वार कोणता?" बायोची तपासणी करणाऱ्या समितीतल्या बाईंनी हिब्रूत विचारलं. बायो लगेच म्हणाली, "आयतवार." बाईंनी कागदावर बारीक अक्षरात काहीतरी टिपलं आणि पुढचा प्रश्न घेतला. महिन्याभरानं अहवाल घरी आला. त्यात लिहिलं होतं: वेळेचं भान नाही.

त्या दिवशी आयतवारच होता. इस्रायलमध्ये रविवारी कचेऱ्या चालू असतात, म्हणून तर आम्ही तिथं जाऊन बसलो होतो.

ही १९८९ ची गोष्ट. बायो माझी धाकटी बहीण. तिचं खरं नाव इथं लिहीत नाही, घरात तसंही कुणी ते वापरत नाही. तिच्या वेळी आई फार अडली होती. बाळ निळं पडलं आणि रडायला उशीर झाला. मुंबईत लोक तिला 'मंद आहे' म्हणायचे. इथं आल्यावर हिब्रूत 'मफागेर' म्हणू लागले. पुढं शाळेतली पोरं एकमेकांना तीच शिवी द्यायला लागली, तेव्हा तो शब्द सरकारी कागदांवरून गेला आणि तीन शब्दांचं एक लांबलचक नाव आलं. मला ते अजून एका दमात म्हणता येत नाही.

आम्ही बेने इस्त्राएल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू. मुंबईत इस्त्राएल मोहल्ल्यात राहायचो, १७९६ सालची जुनी मशीद घरापासून चार पावलांवर. (सिनेगॉगला आम्ही मशीदच म्हणतो. मस्जिद स्टेशनचं नाव आमच्याच मशिदीवरून पडलं, हे वडील दर पाहुण्याला ऐकवायचे.) वडील आणि मी, दोघंही माझगावच्या सर एली कदूरी शाळेत शिकलो. १९७० साली इथं आलो तेव्हा मी बारा वर्षांची होते, बायो सहाची. इस्रायलच्या दक्षिणेकडच्या बेरशेबा शहरातल्या जुन्या वस्त्या हिब्रू अक्षरांनी ओळखल्या जातात: आलेफ, बेत, गिमेल. आमच्या वाट्याला आली दालेत. चौथा मजला, लिफ्ट नाही, आणि खिडकी उघडली की वाळू आत.

मी बत्तीस वर्षं एका दवाखान्याच्या धुलाई विभागात काढली. शेवटची अकरा वर्षं मुकादमीण होते. हे सांगायचं कारण असं की मला माणूस दिसायच्या आधी त्याच्या अंगावरचे कपडे दिसतात.

१९८३ मध्ये बायो एकोणीस वर्षांची होती. समाजकल्याण खात्याच्या सांगण्यावरून वडिलांनी तिला उत्तरेकडच्या एका संस्थेत ठेवलं. चांगली आहे, खास अशा मुलांसाठी आहे, असं सगळ्यांनी सांगितलं होतं. मी दर महिन्याला दोन बस बदलून जायचे. पहिल्या भेटीत तिच्या अंगावर दुसऱ्याच कुणाचा तरी फ्रॉक होता, काखेत उसवलेला. म्हटलं, चुकून झालं असेल, धुलाईत होतं असं. दुसऱ्या भेटीत मी तिची कॉलर उलटी करून पाहिली. आत संस्थेचा शिक्का होता, नाव नव्हतं. मग आतले कपडे पाहिले. त्यांच्यावरही शिक्काच. एका खोलीत आठ पलंग, आणि सगळ्यांचे कपडे एकाच ढिगातून वाटले जात होते. आमच्या दवाखान्यात रोगी चार दिवसांसाठी येतो, त्याला शिक्क्याचे कपडे द्यावेच लागतात. इथं माणसं मरेपर्यंत राहणार होती.

कुणी तिला मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. एवढ्यावर समाधान मानायचा तो काळ होता. वडिलांनी दोन वर्षं काढली आणि एका शुक्रवारी तिला घेऊन आले, ते परत पाठवलंच नाही.

त्यानंतर सत्तावीस वर्षं ती घरीच होती. सकाळी गाडी यायची आणि तिला अपंगांसाठीच्या संरक्षित कारखान्यात न्यायची. तिथं ती प्लास्टिकचा चमचा, कागदी रुमाल आणि मिठाची पुडी एका पिशवीत भरायची. बितुआह लेउमीकडून, म्हणजे राष्ट्रीय विम्याकडून, अपंगत्वाचं पेन्शन मिळायचं. २००८ मध्ये वडील गेले. आईला चौथा मजला चढवेना. आईचा एकच घोष सुरू झाला: "माझ्यामागं हिचं कसं व्हायचं?" मी म्हणायचे, मी आहे ना. आई माझ्या गुडघ्यांकडे बघायची आणि गप्प बसायची.

घर शोधायला लागलो तेव्हा कळलं की मधल्या काळात दुनिया बरीच पुढं गेली होती. आकिम ही पालकांनी १९५१ मध्ये उभी केलेली संघटना. तिच्या एका बाईंनी मला टेबलाशी बसवून सगळा नकाशा समजावला. ज्यांना चोवीस तास वैद्यकीय देखभाल लागते त्यांच्यासाठी ओफाकीमजवळ आदी नेगेव्ह आहे. डोरॉन अलमोग या जनरलनं ते गाव उभारलं आणि त्याला आपल्या एरान या मुलाचं नाव दिलं. बायोला तेवढी गरज नव्हती. बेरशेबाच्या वेशीवर कफर राफाएल आहे. झाडं, विणकाम, कुंभारकाम, शांतता. मला इतकं आवडलं की माझंच नाव घालावं असं वाटलं. बायो अर्धा तास बाकावर बसली आणि विचारलं, "बस कुठाय?" तिला खिडकीतून बस दिसायला हवी असते, नंबर वाचायला. संपलं.

राहिला 'दिरा'. दिरा म्हणजे साधा फ्लॅट. नेहमीच्या इमारतीत, नेहमीच्या शेजाऱ्यांत चार-सहा जण राहतात आणि 'मदरिखा' पाळीपाळीनं येतात. मदरिखेला मराठीत काय म्हणू? आया नव्हे, नर्स नव्हे, मास्तरीणही नव्हे. शब्दशः 'वाट दाखवणारी'. पैसे बहुतेक मंत्रालय भरतं, चालवते एखादी संस्था, आणि राहणाऱ्याच्या पेन्शनमधून त्याचा वाटा वळता होतो.

२०१२ च्या उन्हाळ्यात जागा मिळाली. तळमजला, चार बायका, प्रत्येकीला आपली खोली. तोवर बायो कधी खोलीत एकटी झोपली नव्हती, आणि आईही झोपली नव्हती. पहिले नऊ दिवस दोघींनी डोळा मिटला नाही, एकीनं तिथं आणि एकीनं इथं. दहाव्या दिवशी मदरिखेनं बायोच्या हातात बाहेरच्या दाराची किल्ली ठेवली. नियमच होता, प्रत्येकीला किल्ली. मी म्हटलं, अहो, ही हरवेल. मदरिखा म्हणाली, मग दुसरी बनवू.

आजतागायत हरवलेली नाही. हिरव्या दोरीत ओवून गळ्यात असते, आंघोळीलासुद्धा उतरत नाही, दोरी कुजली की नवी. अठ्ठेचाळीस वर्षांच्या बाईला आयुष्यात पहिल्यांदा दार उघडायचा हक्क मिळाला होता, आणि आमच्या घरात तो तिला का मिळाला नव्हता, याचं मला धड उत्तर देता येत नाही. आम्ही तिला फार जपलं. शिक्का मारला नाही इतकंच.

आणि कपडे! प्रत्येकीचा धुण्याचा वार ठरलेला. बायोचा मंगळवार. मी मुद्दाम मंगळवारी गेले आणि दोरीवर मोजून पाहिलं. सगळे तिचे. एक पांढरा परकर निळसर झाला होता, तिनं स्वतःच निळ्या चादरीबरोबर टाकला होता. मी हरखून गेले. मुकादमीण असताना यावरून मी लोकांचे पगार कापायला लावले असते.

आईला नव्या घराचा मलिदा, म्हणजे आभाराचा आमचा विधी, करायचा होता. नवस फिटला होता ना. आता इथं घोडं अडलं. फ्लॅटचं स्वयंपाकघर कोशर, म्हणजे ज्यू आहारनियमांनी चालणारं: मांसाची भांडी वेगळी, दुधाची वेगळी, आणि बाहेरून शिजवलेलं अन्न आणायला बंदी. आई खट्टू झाली. मग तिच्याच लक्षात आलं की मलिद्याला चूल लागतच नाही. पोहे धुवून भिजवायचे, ओलं खोबरं, साखर, वेलची, मनुका घालायच्या, वर फळं आणि खजूर मांडायचे. तिथल्या भांड्यात, तिथल्या पाण्यात. आम्ही एलियाहू हनाबीची, म्हणजे एलिया प्रेषिताची, तसबीर नेली, अग्निरथातून वर जाणारी, आमच्यातल्या घरोघरी असते तशी. ती भिंतीला टेकवून ठेवली आणि नेमका कोशरची तपासणी करणारा गृहस्थ दारात उभा राहिला. त्यानं ताटाकडे पाहिलं, तसबिरीकडे पाहिलं, गुलाबाच्या फुलाकडे पाहिलं आणि सभ्यपणे विचारलं, "हे... आपल्यातलं आहे का?"

आईचा चेहरा मी विसरणार नाही. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला रबिनेटनं, म्हणजे इथल्या ज्यू धर्मगुरूंच्या सरकारमान्य मंडळानं, बेने इस्त्राएलांच्या लग्नांसाठी पिढ्यान्‌पिढ्यांची चौकशी मागितली होती. आमच्या लोकांनी धरणं धरलं आणि १९६४ मध्ये ती अट मागं घ्यावी लागली. आम्ही आलो तोवर ते मिटलं होतं, पण आईच्या भावानं ते सोसलं होतं. आई बसल्या जागेवरून म्हणाली, "विचार त्याला, एलियाहू कुणातला आहे?" मी त्याचं जरा सौम्य भाषांतर केलं. तो हसला, पोह्यांच्या पाकिटावरचं लेबल तपासलं आणि खुर्ची ओढून बसला. प्रार्थनेला दहा पुरुष जमायला हवेत. त्याच्यासकट सातच झाले. हजान, म्हणजे प्रार्थना चालवणारे, म्हणाले, चालेल.

गाणं सुरू झालं. बायोला दहापर्यंत मोजता येत नाही, पण एलियाहू हनाबीचं गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत येतं. एकदा हजान पुढच्या कडव्यावर घसरले तर तिनं त्यांना हात करून थांबवलं. तिच्या बरोबरीच्या तिघींपैकी एक मोरोक्कोच्या घरातली, एक रशियातून आलेली, एक इथिओपियाची. तिघींनी मलिदा दोनदा मागून घेतला. आता दरवर्षी विचारतात, 'ते ओले पोहे' कधी?

या देशातल्या ज्यू संस्था शब्बाथ पाळतात, कोशर पाळतात, सण पाळतात, आणि ते मनापासून करतात. फक्त ज्यू म्हटलं की त्यांच्या डोळ्यासमोर जे घर येतं ते आमचं नसतं. यात दुष्टावा नाही. पण आपलं घर तिथं न्यायला कुणीतरी पिशव्या उचलाव्या लागतात, आणि ज्यांच्या मागं बहीण नाही त्यांचं काय होतं, हे मी तिथंच इतरांच्या बाबतीत बघते.

भाषेचंही तेच. बायोला हिब्रू समजतं, बोलतेही तोडकंमोडकं, पण दुखलं की मराठी. २०१४ मध्ये एका रात्री तिच्या पोटात दुखायला लागलं. ती मदरिखेला सांगत राहिली, "कळ, कळ." हिब्रूत 'कल' म्हणजे सोपं, हलकं. मदरिखेला वाटलं, ही म्हणतेय काही विशेष नाही. तिनं चहा करून दिला आणि पाठ चोळली. सकाळपर्यंत बायो पिवळी पडली. पित्ताशयातले खडे होते. निभावलं. मदरिखा दवाखान्याच्या बाकावर माझ्या शेजारी बसून रडत होती, आणि मी तिला काय बोलणार? तिनं नीट ऐकलं होतं.

त्या रात्रीनंतर मी एक कागद केला, हिब्रू लिपीत बावीस मराठी शब्द. कळ. दुखतं. चक्कर. शिसारी. नको. भ्या वाटतं. पुरे. 'ताय' म्हणजे मी. कागद फ्रिजवर लावला, आता चौथी प्रत आहे. नव्या मदरिखेला पहिल्या दिवशी तो दाखवतात. बारा वर्षांत मी एकोणीस मदरिखा मोजल्या. किमान वेतनाच्या आसपास पगार, रात्रीची पाळी, सणवार नाही. त्या टिकत नाहीत यात नवल काय? कायद्यात कितीही छान लिहा, रात्री दोन वाजता उठणारी बाई कोण आणि तिला महिन्याला काय मिळतं, हे कुणी मनावर घेत नाही.

कायद्याचं म्हणाल तर कागद पुष्कळ आहेत. १९९८ मध्ये अपंगांच्या समान हक्कांचा कायदा आला, पण कुठं आणि कसं राहायचं हे प्रकरण तेव्हा राहूनच गेलं. २०१२ मध्ये, बायो नव्या घरी गेली त्याच वर्षी, इस्रायलनं संयुक्त राष्ट्रांचा अपंगांच्या हक्कांचा करार मान्य केला. २०२२ मध्ये समाजकल्याण सेवांचा वेगळा कायदा झाला. मला यातला सर्वांत कामाचा वाटला तो २०१६ चा बदल. मी बायोची 'अपोत्रोपोस', म्हणजे कोर्टानं नेमलेली पालक. आधी पालक म्हणजे सगळ्याचाच मालक: पैसा, औषध, घर, सगळं. आता कोर्ट विचारतं की एवढं सगळं खरंच लागतं का, आणि त्या माणसाला विचारलं का. आम्ही गेलो तेव्हा न्यायाधीशबाई माझ्याशी न बोलता बायोशी बोलल्या. "पैशाचं कोण बघतं?" बायोनं माझ्याकडे बोट केलं. "आणि तू काय बघतेस?" बायोनं किल्ली वर काढून दाखवली. माझ्याकडे आता फक्त पैशाचं आहे. पहिले काही महिने मला जरा अपमान वाटला, खोटं कशाला बोलू.

एका मदरिखेबद्दल लिहायलाच हवं. बेरशेबाजवळच्या राहत शहरातली आहे, बेदुईन अरब, मुसलमान, सात वर्षं टिकलेली एकटीच. तिशा बेआव या ज्यू शोकदिवसाचा उपास सोडताना आमच्यात बिरडं करतात, म्हणून त्या दिवसाला आमचे जुने लोक बिरड्याचा सण म्हणायचे. वाल दोन दिवस आधी भिजवायचे, मोड आणायचे आणि मग बसून सोलायचे. बायोला सोलता येतात, तिच्या बोटांना ते काम माहीत आहे. ही बाई पहिल्या वर्षी तिच्यासमोर बसली आणि तिच्याकडूनच शिकली. वालाचं बूड दाबायचं, साल पुढं निसटते, दाणा मागं राहतो. तिचे दाणे मोडत होते. बायो एकेक मोडका दाणा उचलून तिच्या पुढ्यात परत ठेवायची आणि म्हणायची, "नीट." फ्रिजवरच्या कागदावर तेविसावा शब्द त्या बाईनं स्वतः लिहिला. आता ती बिरड्यात नारळाचं दूध माझ्यापेक्षा बरं मोजते.

ऑक्टोबर २०२३ मध्ये युद्ध पेटलं आणि रॉकेटांचे भोंगे सुरू झाले. बेरशेबात भोंगा झाल्यापासून आसरा गाठायला एक मिनिट मिळतं. या फ्लॅटला ममाद आहे, म्हणजे जाड भिंतींची सुरक्षित खोली. आमच्या दालेतच्या जुन्या घराला नाही, तिथं जिन्यात उभं राहावं लागतं. जागा घेताना मी कपड्यांच्या दोऱ्या बघत बसले होते, ममाद आईनं बघितला होता. अडचण अशी की भोंगा झाला की बायो आधी बाहेरच्या दाराशी जायची, ते बंद आहे ना हे किल्लीनं तीनदा बघायची आणि मग ममादकडे वळायची. सगळं मिळून पंचवीस सेकंद. राहतच्या बाईनं तिच्याशी भांडण केलं नाही. ममादच्या दाराला आतून एक खिळा ठोकला आणि सांगितलं, भोंग्यात किल्लीची जागा इथं. दोन दिवस भोंग्याशिवायच सराव केला. तिसऱ्या दिवशी बायो सगळ्यांत आधी आत होती आणि उरलेल्या तिघींना "नीट, नीट" म्हणून ओढत होती. त्या दिवसांत कारखाना बंद होता, निम्म्या मदरिखा येत नव्हत्या. ही येत होती. रस्त्यात तिला कोण काय म्हणत होतं, ते तिनं मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

बायो आता साठीत गेली. आई २०१७ मध्ये गेली. बायोचा उजवा गुडघा माझ्यासारखाच झालाय. गेल्या महिन्यात संस्थेच्या नव्या व्यवस्थापक बाईंनी बोलावून सांगितलं की वय झालेल्यांसाठी दुसऱ्या गावात एक मोठी जागा होतेय, रॅम्प, नर्स, सगळं आहे, चोवीस जणांची सोय. विचार करा म्हणाल्या. चोवीस ऐकल्यावर मी पहिला प्रश्न केला, कपडे कुठं धुतात? त्या म्हणाल्या, मध्यवर्ती धुलाई आहे, फार आधुनिक. आणि किल्ली? तिथं चोवीस तास माणूस असतं, किल्लीची गरजच नाही.

फॉर्म भरायला घेतला तर संगणकात भाषेच्या यादीत हिब्रू, अरबी, रशियन, अम्हारिक, फ्रेंच आणि 'इतर'. मुलगी चांगली होती, म्हणाली, इतर टाकते. छापील प्रतीवर मी पेनानं हिब्रूत 'मराठी' लिहिलं आणि खाली फ्रिजवरच्या कागदाची झेरॉक्स टाचली. नव्या कायद्याप्रमाणं तिचं मत घ्यावं लागतं, म्हणून बैठक ठरली आहे, पंधरा तारखेला. त्या दिवशी वार कोणता विचारला तर उत्तराचं भाषांतर करायला मी बरोबर असेन.

बायोला मी अजून काही सांगितलेलं नाही. पण फ्लॅटमध्ये गोष्टी कळतात. परवा गेले तर तिच्या पलंगाखालची सूटकेस दिसेना, आईनं २०१२ मध्ये भरून दिली होती ती तपकिरी. मदरिखेला विचारलं. तिनं खिडकीतून बाहेर दाखवलं. बायोनं ती ओढत नेऊन कचऱ्याच्या डब्याशेजारी उभी करून ठेवली होती.